संगीतशास्त्र शिकवता शिकवता तंत्रज्ञानाकडे: विट्याच्या तरुण गायकाला उत्तर

विट्याच्या एका तरुणाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २६, गायनातली विशारद परीक्षा झालेली, पुण्यात सॉफ्टवेअर तपासणीची नोकरी. शनिवार-रविवार गावी येऊन दहा-बारा मुलांना शिकवतो. तो विचारतो: "ताई, संगीतशास्त्र शिकवायला मला मनापासून आवडतं आणि संगणकही जमतो. दोन्ही मिळून एक व्यवसाय उभा राहील का? नोकरी सोडू का? अलंकार ही विशारदनंतरची परीक्षा करू की शैक्षणिक तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम? आणि साठवलेल्या ६० हजारांत चांगला लॅपटॉप घेऊ की रेकॉर्डिंगचं सामान?"

व्यवसाय उभा राहतो. माझा राहिला आहे. पण तुम्ही ज्या क्रमानं विचारलंत तो क्रम मला उलटा करावासा वाटतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी मिरजेची. गाणं इथेच शिकले, अलंकारपर्यंत आले आणि घरच्यांच्या आग्रहाखातर संगणकाची पदविकाही केली. काही वर्षं नुसत्या शिकवण्या घेतल्या. मग पुण्यात एका शैक्षणिक मजकूर बनवणाऱ्या कंपनीत सहा वर्षं संगीताचे पाठ तयार केले. आता सांगलीत विश्रामबागेत माझा क्लास आहे आणि त्याच्या जोडीला मी दोन-तीन संस्थांसाठी अभ्याससाहित्य बनवते. तुम्हाला ज्या वाटेनं जायचंय त्या वाटेनं मी वीस वर्षं चालते आहे, आणि सगळ्यात मोठी चूक मी पहिल्या काही वर्षांतच केली. ती आधी सांगते, कारण बाकीचं सगळं तिच्यातूनच शिकले.

कंपनीत आम्ही मोबाइलवर स्वरओळख शिकवणारे पाठ केले होते. स्वर वाजायचा, मुलानं ओळखायचा, बरोबर आला की पुढचा. वापर भरपूर व्हायचा आणि आम्ही खूश होतो. त्याच काळात सुटीला मिरजेला आले की मी जुन्या विद्यार्थ्यांना शिकवायचे. त्यांत कुपवाडची एक मुलगी होती, गोड आणि कष्टाळू. तिनं तीन महिने आमच्याच पाठांवर सराव केला आणि मग तंबोऱ्यावर भूप राग गायला बसली. गंधार (ग) लावला की काहीतरी टोचायचं. स्वर डळमळत नव्हता, ठाम होता, पण ठामपणे चढा होता. मी थांबवून पुन्हा लावायला सांगितला, पुन्हा तोच. तिचं काहीच चुकलं नव्हतं. आम्ही तिला जो गंधार ऐकवला तोच तिनं गळ्यात बसवला होता.

आमच्या पाठांतले सगळे स्वर कीबोर्डचे होते. कीबोर्डवर आणि बाजारातल्या साध्या पेटीवर सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. स्वरांतलं अंतर सेंटांत मोजतात. सप्तकाचे १२०० सेंट धरले, तर तिथला शुद्ध गंधार षड्जापासून (सा) बरोबर ४०० सेंटांवर येतो. तंबोऱ्याशी जुळणारा गंधार ३८६ वर असतो. धैवत (ध) तिकडे ९००, इकडे ८८४. पंचमात (प) मात्र फरक जेमतेम दोन सेंटांचा, म्हणून पंचम ऐकताना कुणालाच शंका येत नाही आणि गंधार-धैवतात घोळ होतो. चौदा सेंट म्हणजे कागदावर काहीच नाही. तंबोऱ्याच्या शेजारी बसलं की तेवढ्यानं गाणं बेसूर होतं.

मी कंपनीत जाऊन सांगितलं, की सगळे आवाज नव्यानं घ्यायला हवेत, शक्यतो तंबोऱ्यासह आणि गळ्याचे. उत्तर मिळालं, की वापरणाऱ्यांची तक्रार नाही, मग खर्च कशाला? तक्रार कशी असणार? ज्याला गंधार शिकायचाय त्यालाच तो चुकल्याचं कळायला हवं अशी ती अपेक्षा होती. त्यानंतर मी तिथं दोन वर्षं राहिले, पण माझं मन आधीच निघालं होतं. शिकवणारी व्यक्ती आणि साधन बनवणारी व्यक्ती एकच असेल तर ही चूक तीन महिन्यांत कळते. दोघं वेगळी असतील तर कधीच कळत नाही. तुमच्याकडे विट्याची दहा-बारा मुलं आहेत, हे तुमचं खरं भांडवल आहे. लॅपटॉप उद्याही घेता येईल.

आता शास्त्राबद्दल. आपल्याकडे 'शास्त्र' म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे लेखी पेपर येतो. थाट, म्हणजे रागांचे गट, दहा, त्यांची नावं. वादी-संवादी, म्हणजे रागाचे मुख्य स्वर, वर्ज्य स्वर, गानसमय. दोन संगीतकारांची चरित्रं. हे सगळं मार्गदर्शिकेतून पाठ होतं आणि परीक्षा झाली की जातं. माझ्या वर्गात विशारदपर्यंत आलेल्या मुलांना मी विचारते, "भूप आणि देसकार यांत फरक काय?" उत्तर धडाधड येतं: भूप कल्याण थाटातला, वादी गंधार, रात्रीचा; देसकार बिलावल थाटातला, वादी धैवत, सकाळचा. मग मी म्हणते, गाऊन दाखव. सा रे ग प ध हेच पाच स्वर दोन्हीकडे, आणि मूल दोन्हीकडे तेच गातं. शब्द तोंडपाठ आणि कान रिकामा. संगीतशास्त्र शिकवणाऱ्याचं खरं काम हे अंतर बुजवण्याचं आहे, आणि तंत्रज्ञानाचा सगळ्यात चांगला उपयोग मला याच जागी झाला.

एक पाठ सविस्तर सांगते, कारण माझ्या सगळ्या कामाची सुरुवात तिथून झाली. 'स्वयंभू गंधार' हा शब्द तुम्ही ऐकला असेलच. चांगल्या जवारीचा, म्हणजे घोडीवर तार नीट झणकारणारा, तंबोरा छेडला की कुणीही न लावलेला गंधार त्यातून ऐकू येतो. लहानपणी गुरुजी म्हणायचे, "ऐक, आला बघ," आणि मला काही ऐकू यायचं नाही. मी घाबरून "हो" म्हणायचे. आज माझ्या वर्गात कुणाला असं खोटं "हो" म्हणावं लागत नाही. मी खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या षड्जाची, तार एकटी छेडते, मोबाइलवर रेकॉर्ड करते आणि ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रोग्रामचं दृश्य, म्हणजे आवाजातल्या कंपनांचं चित्र, उघडते. एका तारेच्या आवाजात एकावर एक आडव्या रेषा दिसतात. खर्जाची कंपनं सेकंदाला ७० धरली तर रेषा ७०, १४०, २१०, २८०, ३५० अशा चढत जातात. मुलं स्वतः मोजतात. १४० म्हणजे मध्य षड्ज. २१० पंचम. २८० तार षड्ज. आणि ३५०? २८० ला ३५० चं नातं चारास पाच. तोच गंधार. रेषेवर बोट ठेवून मी तेवढाच भाग वेगळा काढून ऐकवते, मग पुन्हा तार छेडते. आता सगळ्यांना तो ऐकू येतो. एकदा ऐकू आला की पुढे पडद्याची गरजच उरत नाही.

त्यानंतर पेटीचा तार सप्तकातला गंधार याच षड्जाला वाजवायचा. तो साधारण ३५२.८ वर येतो. तंबोऱ्यातला ३५० आणि हा जवळजवळ ३५३ एकत्र वाजले की सेकंदाला सुमारे तीन लाटा येतात, आवाज थरथरल्यासारखा होतो. मुलांना मी लाटा मोजायला लावते. आठवीतला मुलगाही मोजतो. श्रुती (सप्तकातले सूक्ष्म स्वर), सांगीतिक अंतरं, आकाशवाणीनं १९४० मध्ये पेटीवर बंदी का घातली आणि ती १९७१ पर्यंत का टिकली, या सगळ्या चर्चेचा एक धागा त्या तीन लाटांत सापडतो. लेखी पेपरात यावर चार गुण असतील. पण या पाठानंतर मुलं भूप गातात तेव्हा गंधारावर थांबताना त्यांचा चेहरा बदलतो, आणि त्यासाठी मी हा धंदा करते.

आपल्या भागात हे वेड नवीन नाही, हेही तुम्हाला माहीत असावं. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गाण्यावरून स्वरांची मोजमापं केली आणि १९१० मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक काढलं. साताऱ्याला न्यायाधीश असलेले ई. क्लेमंट्स त्यांच्या कामात ओढले गेले, आणि त्यातून श्रुती वाजवू शकणारी पेटी तयार झाली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर चर्चा झाली. रागसंगीताचं शास्त्र लिहून ठेवणारे पंडित भातखंडे यांना ती मांडणी पटली नाही. सांगली-साताऱ्यातल्या दोन सरकारी अधिकाऱ्यांनी आपल्या काळातलं सगळ्यात पुढचं तंत्र रागसंगीताच्या कामाला लावलं, याचा मला अभिमान वाटतो. ती पेटी वर्गावर्गात का पोहोचली नाही, याचाही मी खूप विचार केला आहे. माझं मत असं, की तिनं गंधाराची जागा नेमकी केली, पण गाण्यात गंधार जागेवर उभा नसतो. तो रिषभावरून येतो, पंचमाकडे बघतो, कधी मींडेतून, म्हणजे घसरत, उतरतो. दरबारी रागातला कोमल गंधार तर आंदोलनातच, म्हणजे हळूहळू झुलण्यातच, जगतो. त्याला एका पट्टीवर बसवला की दरबारी गेलाच.

शंभर वर्षांनंतर मोबाइलवरची बहुतेक सुरांची ॲप्स याच अडचणीत अडकलेली आहेत. गायकाचा आवाज ऐकायचा, तो बारापैकी कुठल्या चौकटीत बसतो ते बघायचं आणि हिरवा किंवा लाल दिवा लावायचा. पलटे घोटणाऱ्या नवशिक्याला याचा उपयोग होतो, मी नाकारत नाही. षड्ज स्थिर राहतो का, पंचम खाली घसरतो का, एवढं यंत्र छान सांगतं. पण भैरवाचा रिषभ आंदोलित गायला की दिवा लाल, भीमपलासीत कोमल निषादाला षड्जाचा कण, म्हणजे ओझरता स्पर्श, दिला की दिवा लाल. मूल मग दिवा हिरवा ठेवण्यासाठी सपाट गायला लागतं. यंत्राला खूश ठेवायला आपण राग मारायचा नाही.

म्हणून मी निवाडा देणारी साधनं वर्गातून काढून टाकली आणि नुसती दाखवणारी ठेवली. प्राट नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी भाषेच्या उच्चारांचा अभ्यास करण्यासाठी बनवलेलं. त्यात आवाजाची उंची एका वळणावळणाच्या रेषेसारखी दिसते. भूपातली 'पग, धपग, रेसा' ही ओळ मी गाते, विद्यार्थी गातो, दोन्ही रेषा एकाखाली एक ठेवायच्या. बरोबर-चूक कुणी सांगायचं नाही. विद्यार्थ्यालाच विचारायचं, "तुझी रेषा कुठे वेगळी वळली?" देसकार आणि भूप असेच शेजारी ठेवले की दिसतं, भूपाची रेषा पुन्हा पुन्हा गंधाराशी येऊन विसावते आणि देसकाराची वर धैवताशी. 'वादी' हा शब्द तिथं पहिल्यांदा जिवंत होतो. मारवा, पूरिया आणि सोहनी या तिघांचे स्वर एकच. एक मध्यात, एक खाली आणि एक वर नांदतो, हेही असंच डोळ्यांनी पाहून मग कानानं धरता येतं. (प्राट वापराल तर आवाजाची खालची-वरची मर्यादा आधी गायकानुसार बसवा, नाहीतर रेषा अधूनमधून एक सप्तक उडी मारते आणि मुलं घाबरतात. आणि तंबोरा हेडफोनमध्ये ऐकवा. माइकमध्ये तो शिरला की रेषा तुटते.)

या दिशेनं मोठं काम झालेलं आहे, ते जरूर अभ्यासा. मुंबईच्या एनसीपीए या कलासंस्थेत सुवर्णलता राव आणि विम व्हान डर मेर यांनी रागगायनाचे असे सरकते आलेख तयार केले. आयआयटी मुंबईतल्या प्रीती राव यांचा गट आणि बार्सिलोनाचे झेवियर सेरा यांनी २०११ ते २०१७ या काळात एका मोठ्या संशोधन प्रकल्पात हिंदुस्तानी आणि कर्नाटक संगीत संगणकाला कसं समजावून सांगता येईल यावर काम केलं. तुमच्यासारख्या प्रोग्रॅमिंग येणाऱ्या गायकाला त्यातून कितीतरी घेता येईल.

गाणं कागदावर लिहिण्याच्या लिपीचा एक किस्सा सांगते, कारण तो तुमच्या सॉफ्टवेअरच्या कामाला थेट लागू आहे. भातखंडे पद्धतीत स्वराखाली टिंब म्हणजे मंद्र सप्तक आणि वर टिंब म्हणजे तार. पलुस्कर पद्धतीत वरचं टिंब म्हणजे मंद्र आणि तार सप्तकाला स्वरावर उभी रेघ. भातखंडे समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, फुली लिहितात आणि कालाला, म्हणजे टाळी नसलेल्या मात्रेला, शून्य. पलुस्कर पद्धतीत समेला एक आकडा आणि कालाला अधिक चिन्ह. आमच्या भागात दोन्ही चालतात. त्यात विष्णु दिगंबर पलुस्कर कुरुंदवाडचे, मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेले, म्हणून जुन्या घरांतल्या वह्या त्यांच्या पद्धतीच्या. पहिल्या वर्षी मी शंभरेक बंदिशी टाइप करून मुलांना पाठवल्या. एका विद्यार्थ्यानं सगळ्या तार षड्जाच्या जागा खर्जात गायल्या, कारण घरी आजोबांनी त्याला टिंब तसं वाचायला शिकवलं होतं. शिवाय मोबाइल बदलला की फॉन्ट बदलतो, टिंब अनुस्वार होतं, कोमलाची आडवी रेघ गायब होते, आणि कोमल गंधार शुद्ध होऊन बसतो.

त्यानंतर मी बंदिश मजकूर म्हणून साठवणं सोडलं. आता प्रत्येक स्वर तक्त्यात एका ओळीत असतो: कितवी मात्रा, कुठला स्वर, कोमल की शुद्ध की तीव्र, कुठलं सप्तक, कण आहे का, अक्षर कुठलं. दाखवताना त्यातून भातखंडे हवी तर भातखंडे, पलुस्कर हवी तर पलुस्कर लिपी तयार होते. तालाचं चक्र बदललं तर खंड आपोआप पडतात. हा तक्ता बनवायला मला एक उन्हाळा लागला, आणि आजवर सगळ्यात जास्त कामं मला त्यानंच मिळवून दिली. तुम्ही सॉफ्टवेअर तपासणारे आहात, चुका कुठे लपतात ते तुम्हाला माहीत आहे. अशा कामात तुम्ही माझ्यापेक्षा खूप पुढे जाल.

दूरच्या विद्यार्थ्यांना शिकवणं हाही या व्यवसायाचा भाग आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची ४५ फुटांची पातळी ओलांडून ५७ फुटांवर गेलं, तेव्हा माझा क्लास सांगलीच्या गावभागात होता. पेटी गेली, डग्गे गेले, वीस वर्षांच्या वह्या गेल्या. बंदिशींचा तक्ता तेवढा वाचला. क्लास विश्रामबागेत हलवला आणि बसतो न बसतो तोच टाळेबंदी आली. झूमवर शिकवायला घेतलं तर पहिल्याच आठवड्यात सगळे विद्यार्थी बेसूर. मला वाटलं, मुलांचा रियाज सुटला. कारण वेगळंच निघालं: ही सॉफ्टवेअर बोलण्यासाठी बनलेली असतात. सतत चालू राहणारा एकसारखा आवाज त्यांना पंख्याचा आवाज वाटतो आणि ती तो पुसून टाकतात. तंबोरा म्हणजे नेमका असाच आवाज. मी छेडत होते आणि पलीकडे शांतता होती. मुलं आधाराशिवाय गात होती. मूळ आवाज तसाच पाठवण्याचं सेटिंग त्यात असतं, ते दोन्ही बाजूंना चालू करावं लागतं. तंबोरा मात्र विद्यार्थ्याच्याच घरी वाजायला हवा आणि मी ऐकायचं, हे पक्कं ठरवा.

दूरवरून एकत्र गाणं तर विसराच. मध्य लयीत मिनिटाला १२० मात्रा धरल्या तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. आवाज जायला-यायला एकपंचमांश सेकंद लागला तरी जवळपास अर्ध्या मात्रेची गडबड. म्हणून दूरच्या तासात मी एक ओळ गाते, विद्यार्थी ती परत गातो, आणि ठेका त्याच्याच खोलीत वाजतो. तालाचा तास दूरवरून मी आजही घेत नाही. त्यासाठी महिन्यातून एकदा समोर बसायचं, पलूसहून या नाहीतर जतहून या.

आता पोटापाण्याचं, कारण तुमचा खरा प्रश्न तो आहे. माझ्या उत्पन्नातला निम्म्याहून थोडा अधिक भाग क्लासमधून येतो. उरलेल्यातला बराच अभ्याससाहित्याच्या कामातून: कुणाला शालेय पाठ हवे असतात, कुणाला परीक्षेच्या शास्त्राचे ध्वनिपाठ, कुणाला बंदिशींचा संग्रह संगणकावर नीट मांडून. थोडं शिक्षकांच्या कार्यशाळांतून. आपलं स्वतःचं ॲप काढून हजारो लोकांना विकायचं, हे स्वप्न मीही पाहिलं होतं. ते चालवायला जाहिरात, तक्रारी, दर वर्षी नव्या मोबाइलसाठी दुरुस्ती असं सगळं लागतं आणि माणूस गाण्यापासून दूर जातो. मी तो नाद सोडला, आणि त्याचं मला दुःख नाही.

त्यामुळे नोकरी आज सोडू नका. आधी वर्षभर शनिवार-रविवारच्या मुलांसाठीच साधनं बनवा. कुठलं मूल कुठे अडतं याची वही ठेवा: कोण मध्यमावर घसरतं, कुणाला झपतालाची सम सापडत नाही, कुणाला थाट आणि राग यांत गोंधळ होतो. त्या अडचणींपैकी एक घ्या, तेवढ्यापुरता दहा मिनिटांचा पाठ करा, मुलांना द्या आणि पुढच्या शनिवारी समोर बसवून गाऊन घ्या. फरक पडला तर ठेवा, नाही पडला तर टाकून द्या. मी दहा केले की सहा-सात टाकते. असे वीस-पंचवीस टिकलेले पाठ हातात असले, की कुठल्याही संस्थेपुढे जाऊन बसता येतं. तुम्ही काय बनवू शकता यापेक्षा त्यांना तुमचे विद्यार्थी काय गातात हे ऐकवा. आणि मोबदल्याचं आधी लिहून घ्या: पाठांवर हक्क कुणाचा, तुमचं नाव येणार का, आवाज तुमचा असेल तर तो पुन्हा दुसरीकडे वापरता येणार का. मी हे न विचारता सही केली होती, आणि माझ्याच आवाजातल्या सरगमी आज मला माझ्या वर्गात वाजवता येत नाहीत.

जुनी ध्वनिमुद्रणं वापरण्याबद्दलही लोक विचारतात. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं असतो. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ मध्ये गेले, त्यांच्या हयातीत निघालेल्या तबकड्या त्या मुदतीच्या कधीच बाहेर आल्या आहेत, आणि वर्गात श्रुती-स्वर दाखवायला त्यांच्याइतकं चांगलं साहित्य नाही. अलीकडचं काही घ्यायचं तर परवानगी घ्या, नाहीतर स्वतः गा. स्वतः गायलेलं मुलांना जास्त पोहोचतं.

अलंकार की तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम? अलंकार. पदवीच्या कागदासाठी सांगत नाही. त्या दोन वर्षांत अप्रचलित राग, जवळजवळचे राग आणि मंचावर सलग गाण्याची सवय यांना पर्याय नाही, आणि तुमचं प्रत्येक साधन तुमच्या कानाएवढंच चांगलं होणार आहे. पाठ कसा रचायचा, प्रश्न कसा विचारायचा, मूल कुठे कंटाळतं, याचे चांगले छोटे अभ्यासक्रम मोफत मिळतात. ते संध्याकाळी करता येतील. पायथॉन तुम्हाला येतच असेल, त्यात ध्वनीचं विश्लेषण शिकायला सहा महिने पुरे.

राहिले ६० हजार. तुमचा सध्याचा लॅपटॉप चालतो असं लिहिलंत, तो राहू द्या. एक साधा चांगला माइक आणि हेडफोन घ्या, त्यात आठ-दहा हजार जातील. उरलेल्यांतून मिरजेचा तंबोरा घ्या. मोबाइलमधल्या तंबोऱ्यावर मी कितीही काम करत असले तरी हा सल्ला मी प्रत्येकाला देते. सतारमेकर गल्लीत सकाळी या, घाई करू नका. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे गर्दी असते. तुमची पट्टी, म्हणजे तुमचा षड्ज, काळी एक की पांढरी दोन हे पक्कं ठरवून या, त्यावर भोपळ्याचा आकार आणि तारांची जाडी ठरते. तीन-चार तंबोरे समोर ठेवायला सांगा, प्रत्येकाची खर्जाची तार एकटी छेडा आणि डोळे मिटून बसा. ज्यात गंधार लवकर येईल तो बाजूला काढा. जवारी कशी काढतात ते कारागिराशेजारी बसून बघा, घोडीवर दोरा कुठे सरकवला की आस, म्हणजे स्वराची गुंज, वाढते ते हातानं करून बघा, मोबाइलवर रेकॉर्ड करा, दोऱ्याआधीचं आणि नंतरचं. घरी जाऊन दोन्हींचा स्पेक्ट्रोग्राम काढलात, की वरच्या रेषा कशा उजळल्या ते तुम्हाला दिसेल. विट्याच्या मुलांसाठी तुमचा पहिला पाठ तोच करा.